बारा दिवसांचं कारण

विमलबाईंनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"एवढंच?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"एवढंच आहे, बाई," चिंतामणराव म्हणाले.

"वाचून दाखवा ना भाऊ. मले इंग्रजी येत नाही."

चिंतामणरावांनी मराठी करून सांगितलं, "अर्ज पाहिला. दोन्ही बाजू ऐकल्या. उशिराला सबळ कारण नाही. अर्ज नामंजूर."

"माह्या आपरेशनचे कागद लावले होते. थे वाचले का नाही वाचले?"

"तसं काही लिहिलेलं नाही यात."

"मंग मले कसं समजंन?"

कोर्टाच्या नक्कल विभागात चिंतामणरावांना तेहतीस वर्षं झाली होती. निकालाची प्रत काढायची, मूळ कागदाशी ताडायची, शिक्का मारायचा आणि खिडकीतून द्यायची. लोक प्रत घेऊन रडत, शिव्या देत, कधी पेढे आणत. पण न्यायाधीश साहेबांनी आपले कागद वाचले का, असं आजवर कोणी विचारलं नव्हतं.

विमलबाई वडनेरच्या. त्यांचा मुलगा गोकुळ पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी भांडला आणि काठीच्या एका तडाख्यात शेजाऱ्याचा हात मोडून बसला. दोन वर्षांची शिक्षा झाली. अपील तीस दिवसांत करायचं होतं, ते त्रेपन्न दिवस उशिरा झालं. घरात नवरा नाही, मोठं माणूस म्हणजे विमलबाईच. त्याच वेळी त्यांचं अकोल्याला ऑपरेशन झालं, टाके पिकले आणि त्या दवाखान्यातच अडकल्या. उशीर माफ करा, असा अर्ज होता. तोच फेटाळल्यामुळे अपील दारातच अडलं होतं.

"पोरानं मारलं, मी नाही म्हनत नाही," त्या म्हणाल्या. "पन मी खोटी आहे का? तेवढं तरी लिहा लागत होतं."

चिंतामणरावांनी खिडकीतून जरा पुढे वाकून सांगितलं, "बाई, नुसत्या हुकमाची नक्कल नेऊ नका. अर्जाची आणि सोबतच्या सगळ्या कागदांचीही मागा. साहेबांसमोर काय काय होतं, ते नागपूरला हायकोर्टात दिसू द्या."

त्या दिवशी घरी जेवताना त्यांनी ही गोष्ट पत्नीला, शरयूताईंना सांगितली. ताई शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

"मी पोराला नापास केलं तरी काय चुकलं ते लाल शाईनं लिहायची," त्या म्हणाल्या. "पोरं घरी जाऊन आधी तेच पाहत."

"साहेब वाईट नाहीत गं. रोज सत्तर-सत्तर प्रकरणं असतात."

"माझ्या वर्गातही सत्तरच पोरं होती," ताई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.

विधी सेवेतर्फे मोफत मिळालेला तरुण वकील, शौनक, सगळ्या नकला घेऊन नागपूरला गेला. चार महिन्यांनी हायकोर्टाचा आदेश आला. नाही म्हणण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. पण का नाही, हे मागणाऱ्याला सांगावं लागेल. अर्ज पुन्हा ऐका आणि कारणांसह निर्णय द्या.

तारखेच्या दिवशी चिंतामणराव एक फाईल पोचवण्याच्या निमित्ताने कोर्टात गेले आणि मागे उभे राहिले. साहेब या वेळी एकेक कागद पाहत होते. समोर कोरं पान होतं आणि त्यावर ते पेनने आकडे मांडत होते.

"दवाखान्याचे एक्केचाळीस दिवस समजले," ते शौनकला म्हणाले. "उशीर त्रेपन्न दिवसांचा आहे. सुटी मिळाल्यानंतरच्या बारा दिवसांचं काय? मला लिहायचं तर तेही लिहावं लागेल."

शौनकने मागे वळून विमलबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली.

मधल्या सुटीत त्या नक्कल विभागाच्या खिडकीशी आल्या. चिंतामणरावांनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं.

"सून गरोदर होती," पाणी पिऊन त्या बोलल्या. "मी दवाखान्यातून आली अन् त्याच दिवशी पुष्पांजली बाळंत झाली. लेक झाली. लय अशक्त. मी तिले छातीशी धरून बसली होती, कोर्टात कशी येऊ? बारशाच्या दिवशी सकाळी गेली. नाव बी ठेवलं नव्हतं."

"मग हे अर्जात का नाही लिहिलं, बाई?"

"गोकुळले सांगतलं नाही ना भाऊ. तो जेलात. भेटाले गेली का इचारते, लेक कशी हाये? मी म्हनतो, आईसंग माहेरी हाये, बरी हाये. आता कागदावर लिहिलं तर त्याले समजनच."

चिंतामणरावांनी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. कायद्याचं सांगणं त्यांचं काम नव्हतं आणि हे कायद्यापलीकडचं होतं. शेवटी ते म्हणाले, "कागदावरून समजण्याआधी तुमच्या तोंडून समजू द्या त्याला."

"हाव," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या.

पाचव्या दिवशी त्या शौनकबरोबर प्रतिज्ञापत्र दाखल करायला आल्या. चिंतामणराव व्हरांड्यात भेटले.

"सांगतलं," विमलबाई म्हणाल्या. "जाळीपल्याड लय वेळ उभा राह्यला. मले वाटलं, आता मले बोलन, का खोटं काऊन सांगून राह्यली होती म्हनून. नाही बोलला. म्हने, पुष्पा जेवते ना बरोबर?"

पंधरा दिवसांनी निर्णय झाला. चार पानांचा, आणि या वेळी मराठीत. उशीर माफ झाला, अपील दाखल झालं आणि त्याचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवून गोकुळला जामीन मिळाला.

पुढच्या सोमवारी विमलबाई गोकुळला घेऊन नक्कल विभागात आल्या. तो वाळला होता, शर्ट अंगावर सैल झाला होता. चिंतामणरावांनी प्रत दिली. गोकुळ भिंतीशी उभा राहून एकेक ओळ वाचत गेला. तिसऱ्या पानावर तो थांबला. तिथे साहेबांनी लिहिलं होतं: 'अर्जदाराची मुलगी बारा दिवस जगली. त्या बारा दिवसांत तिच्या आजीने न्यायालयात यावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.'

गोकुळने तिथे बोट ठेवलं. बराच वेळ ते उचललं नाही.

"साहेब," तो खिडकीशी येऊन म्हणाला, "या पानाची एक जादा नक्कल भेटन का? ही वकिलाकडं द्या लागते."

"मिळेल की."

चिंतामणरावांनी नकलेच्या अर्जाचा कोरा कागद स्वतःच पुढे ओढला. गोकुळचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. प्रत कशासाठी हवी, त्या रकान्याशी पेन थांबलं. तिथे बहुतेक वेळा ते न विचारताच 'अपिलासाठी' असं लिहून टाकत.

"कशासाठी लिहू?" त्यांनी विचारलं.

गोकुळने आईकडे पाहिलं.

"पुष्पा म्हने, घेऊन या," विमलबाई म्हणाल्या. "लेकीचं असं कुठंच काई लिहेल नाही ना."

चिंतामणरावांनी त्या रकान्यात सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'घरी ठेवण्यासाठी.'