एक मार्क जास्त

शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. हवं तर माझ्या उरलेल्या चार दातांवर हात ठेवते. मागे मी सांगितलं होतं ना, की आमच्या धुलाईखान्यात इतकी वाफ असायची की एक मुकादम आत गेला तो तिसऱ्या दिवशी इस्त्री होऊनच बाहेर आला? ती थाप होती. ही नाही. हसायचं तिथे खुशाल हसा, पण मध्येच "आजी, पुरे आता" म्हणालात तर बघा.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात मी एकतीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही, समोर जोडीदार लागतो. शेवटची सोळा वर्षं माझा जोडीदार होता मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. शाळेत तो दुसरीच्या पुढे सरकलाच नाही. पण खिशाला तीन पेनं लावून यायचा. एक निळं, एक लाल आणि एक म्हणजे नुसतंच टोपण. स्वतःचं नाव काही त्याला लिहिता येत नव्हतं. चाळिशीचा बाप्या, दोन माणसांचं ओझं एकटा उचलायचा, आणि बुटाची नाडी माझ्याकडून बांधून घ्यायचा. काहीही सांगा, उत्तर एकच, "समजलं!" एकदा मी म्हटलं, "मास्तर, उद्या चादरी चंद्रावर पोचवायच्यात." "समजलं, मावशी!" दुसऱ्या दिवशी हा दोन वेळचा डबा घेऊन हजर.

आम्ही सगळ्या बायकांनी त्याला झाकून ठेवला होता. मशीनची बटणं मी रंगवून दिली, म्हणजे "हिरवं दाब" म्हटलं की काम झालं. तपासणीला साहेब आले की मी त्याच्या आधी बोलायचे. कामाचा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला काढून टाकलं असतं तर घरी बहिणीच्या नवऱ्याच्या ताब्यात दिवसभर बसला असता.

आणि शेवटी त्याच माणसाने घात केला.

हा भाऊजी एका दुपारी त्याला औषधाच्या दुकानात घेऊन गेला. म्हणाला, "तू दार धर. मी सांगेपर्यंत कुणाला बाहेर सोडायचं नाही." मास्तरने दार धरलं. आत भाऊजीने गल्ल्यात हात घातला, म्हातारा दुकानदार दाराकडे धावला, दार उघडेना, आणि भाऊजीने मागून लोखंडी वजन घातलं डोक्यात. म्हातारा गेला. भाऊजी पळाला. पोलीस आले तेव्हा मास्तर दार धरूनच उभा होता. कुणी "सोड" म्हटलं नव्हतं ना!

दार त्याने धरलं, हे मी नाकारत नाही. त्या दारामुळे एक माणूस गेला. पण पुढचं ऐका. भाऊजी पडला वकिलाचाही बाप. पकडला गेल्यावर त्याने सरकारशी सौदा केला आणि मास्तरविरुद्ध साक्ष दिली. सांगितलं काय, तर बेत सगळा मास्तरचा, मी आपला त्याच्या धाकात! भाऊजीला सात वर्षं. मास्तरला फाशी. निकाल ऐकून मास्तर म्हणाला, "समजलं." पेपरात छापून आलं, आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. जळो ते पेपर!

वरच्या कोर्टात त्याला एक वकीलबाई मिळाली. पोरसवदा, पण जिद्दीची. ती म्हणाली, "आजी, ज्याची बुद्धी जन्मतःच कमी, त्याला फाशी देता येत नाही. डॉक्टर त्याची परीक्षा घेणार आहेत. सत्तरच्या वर मार्क जाता कामा नयेत."

यातलं मी काय ऐकलं? परीक्षा. एवढंच ऐकलं.

आदल्या दिवशी तुरुंगात गेले आणि जाळीपलीकडून त्याची तासभर उजळणी घेतली. "घाबरायचं नाही, मास्तर. ताठ बसायचं. डझनात किती?" "बारा!" चादरी आम्ही डझनावर मोजायचो, तेवढं त्याला पक्कं येत होतं. "आठवड्याचे वार किती?" "सहा!" "अरे, सुट्टीचा धर की!" "सात!" सोळा वर्षं मी हेच केलं होतं हो. साहेब यायचे, मी त्याला हुशार करून उभा करायचे. सवयच लागली होती हाताला.

एकाहत्तर मार्क पडले.

मी धुलाईखान्यात जाऊन ओरडले, "पास झाला गं आपला मास्तर!" सगळ्यांना चहा पाजला. संध्याकाळी वकीलबाई घरी आली आणि माझ्या पलंगावर मटकन बसली. "आजी, डॉक्टर म्हणतात, वार आणि डझन अगदी चोख सांगितलं. तुम्ही काही शिकवलंत का त्याला?"

 आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही.

मला सांगा, हा कुठला हिशेब? माणूस मारायचा की ठेवायचा हे एका मार्कावर? सत्तरला बिचारा आणि एकाहत्तरला राक्षस? भाजीवाली वजनाला इतकी चिकट नसते, वर दोन मिरच्या तरी टाकते. आणि तो डॉक्टर! चाळीस वर्षांचं आयुष्य त्याने दीड तासात मोजलं आणि वर सही ठोकली. बुटाची नाडी कोण बांधतं, हे त्याने विचारलंच नाही.

वकीलबाईने मला साक्षीला उभं केलं. नाडी, बटणं, साहेब, उजळणी, सगळं ओकले मी. सरकारी वकील उठला. केस असे चोपडलेले की माशी बसली असती तर घसरून पडली असती.

"आजी, तुम्ही थापा मारण्यात प्रसिद्ध आहात म्हणे? राजाचा पायजमा इस्त्री केलाय तुम्ही?"

"केलाय. नाडी सोन्याची होती."

कोर्ट हसलं. मीही हसले मेली, आणि लगेच कळलं, आपण त्याच्या जाळ्यात गेलो. तो वळून म्हणाला, "ही अशी साक्ष! ज्याला अख्खं खातं मास्तर म्हणतं, ज्याच्या खिशाला तीन पेनं, जो सोळा वर्षं मशीन चालवतो, तो मतिमंद? आरोपीने इथेच काम करून दाखवावं." आणि पिशवीतून चादर काढली. कोरी, दुकानातली. एक टोक दिलं शिपायाच्या हातात, दुसरं मास्तरच्या.

मास्तर खुलला. किती वर्षांनी हातात चादर आली होती!

आता आतली गोष्ट सांगते. खात्यातल्या प्रत्येक चादरीच्या उजव्या कोपऱ्याला मी लाल दोऱ्याचा टाका घालायचे. मास्तरला एवढंच ठाऊक होतं, लाल उजव्या हातात धरायचा आणि मावशीकडे चालत जायचं. त्या कोऱ्या चादरीला टाका कुठला!

त्याने कोपरा चाचपला. मग दुसरा. काठाकाठाने बोटं फिरवत निघाला, शिपायाभोवती फिरला, चादरीत स्वतःच गुंडाळला गेला. लोक खिदळायला लागले.

"मावशी, लाल नाही."

मी नुसती चिमूट करून उजवा हात वर केला असता ना, तरी त्याने कोपरा धरला असता. घडी झाली असती. चांगली झाली असती, मी शिकवलेली होती. आणि ती घडी त्याच्या गळ्याला लागली असती. मी दोन्ही हात बगलेत कोंबले.

"मावशी, लाल कुठाय?"

"मला नाही माहीत, मास्तर."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की देवा, शत्रूकडेही कुणी बघू नये. मग खाली बसला, चादर डोक्यावरून ओढून घेतली, आणि आतून हुंदके यायला लागले. हसणं थांबलं. मागच्या बाकावरून एक बाई उठली. त्या दुकानदाराची बायको. तिचा नवरा गेला होता त्या दारापाशी, आणि तीच म्हणाली, "अहो, पुरे करा की! दिसत नाही का तुम्हाला?"

दिसलं. फाशी रद्द झाली, मरेपर्यंत तुरुंग. वकीलबाई मला मिठी मारून रडली. मला मात्र रडू येईना, संताप येत होता. माणसाला जिवंत ठेवायला त्याची लाज चारचौघांत काढावी लागते? जी गोष्ट आम्हा धुणाऱ्या बायकांना पहिल्या दिवशी कळली, ती या काळ्या कोटवाल्यांना कळायला चादर लागते? आणि ज्यांच्याकडे चादर नाही, वकीलबाई नाही, एकाहत्तर मार्क आहेत, ते गेलेच ना वर! भाऊजी दोन वर्षांत सुटेल. डॉक्टर अजून मार्क वाटत फिरतोय.

मी दर महिन्याला तुरुंगात जाते. पहिल्यांदा मास्तर जाळीकडे पाठ करून बसला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा हळूच वळला, म्हणाला, "मावशी, तू खोटं बोललीस," आणि फिसकन हसला.

बरं, बघू नका असं टक लावून. ते हसणं मी घातलंय. वळला नाही तो, एकदाही नाही. पुढच्या आठवड्यात अकरावी खेप आहे माझी. तासभर मी बोलते, तो पाठ करून बसतो. त्याचा सदरा श्वासाबरोबर वरखाली होताना दिसतो, तो बघते आणि घरी येते.