पाहुण्यांना गाव दाखवायचं

गावात त्यांना सगळे लिफ्टमास्तर म्हणत, आणि ते खरंच होतं, कारण गावातल्या सगळ्या लिफ्ट त्यांच्याच जिवावर चालत होत्या. इस्पितळातली, बँकेतली, कापडाच्या मोठ्या दुकानातली, नव्या इमारतींमधल्या आणि टेकडीवरच्या मनोऱ्यातली. कंपनीची शाखा म्हणजे एक खोली, एक टेबल, ग्रीसचे डबे आणि मास्तर. जुने शाखाप्रमुख निवृत्त होऊन गेले तेव्हापासून त्यांच्या खुर्चीवर वायरची भेंडोळी बसलेली असत. कामात ती शाखाप्रमुखांपेक्षा फारशी कमी नव्हती.

मास्तरांचं घर मात्र शहरात. बायको तिथल्या मोठ्या इस्पितळात नर्स, मुलगी शाळेत, आणि सासूबाईंचं डायलिसिस चालू. ते यंत्र गावच्या इस्पितळात नव्हतं, त्यामुळे घर इकडे हलवायचा प्रश्नच येत नव्हता. बरं, घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. डायलिसिसच्या दिवशी बायको आणि शेजारी मिळून सासूबाईंना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवत. लिफ्टमास्तर जावई इकडे गावच्या बँकेची लिफ्ट पुसत बसलेला. मास्तरांना हे आठवलं की जेवण गोड लागत नसे.

उपाय एकच होता, आपसी बदली. शहरातल्या, आपल्याच हुद्द्याच्या कुणा मेकॅनिकने इकडे यायला हो म्हणायचं, दोघांनी मिळून अर्ज करायचा, की झालं. पण शहर सोडून इथे यायला कोण बसलंय? मास्तरांनी फोनवरून एकेकाला विचारून पाहिलं होतं. काही जण हसले, काहींनी “विचार करून सांगतो” म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. मुलगी चालायला लागली तेव्हा मास्तर गावात होते, आणि तिचे पुढचे दात पडले तेव्हाही गावातच.

अशात शहरातून तिघं तपासणीला आले. एक मोठे साहेब, एक हिशेब बघणाऱ्या ताई आणि एक मेकॅनिक. या मेकॅनिकला सगळे टॉर्च म्हणत, कारण खिशात कायम टॉर्च आणि कुठलीही फट दिसली की त्यात उजेड पाडून बघायची खोड. माणूस कंपनीत नवा, म्हणजे मास्तरांच्या फोनमधून सुटलेला. हुद्दा मात्र तोच. शनिवारी काम उरकलं, परतीची गाडी सोमवारी, आणि साहेब म्हणाले, “मास्तर, उद्या जरा गाव दाखवा की.”

मास्तरांनी लगेच बायकोला फोन लावला.

“आल्या आल्या विचारू नकोस त्याला,” बायको म्हणाली. “तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, एक तर बोलणारच नाहीस, नाहीतर बोलशील तो हातापाया पडल्यासारखा. आधी गाव दाखव. आवडलं पाहिजे त्याला. मग हळूच विचार.”

“आणि साहेब?”

“साहेबांसमोर अजिबात नको.”

हे खरं होतं. बदलीचं नाव काढलं की साहेबांच्या कपाळावर आठ्या पडत. तेव्हा टॉर्चला एकटं गाठायचं, असं मास्तरांनी ठरवलं. ठरवायला मास्तर पटाईत. दुकानात आपला नंबर आला तरी मागच्याला “तुमचं होऊ द्या” म्हणणारा माणूस तो.

रविवारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, गाडी ठरवून हजर झाले. पहिल्यांदा बाग. बागेला कुलूप. राखणदार भाचीच्या लग्नाला गेल्याचं समोरच्या पानवाल्याने सांगितलं. ताईंनी फाटकातून हात घालून एका फुलाचा फोटो काढला आणि “छान आहे हो बाग” म्हणाल्या. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तलाव. मास्तर मनात म्हणाले, तलाव तरी जागेवर असेल. तलाव जागेवर होता, पाणी नव्हतं. मधे थोडंसं डबकं, आणि काठावर होड्या चिखलात पालथ्या पडलेल्या. साहेबांनी कमरेवर हात ठेवून सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, “यातला तलाव कोणता?” ताई हसल्या. मास्तरही हसले, न हसून सांगतात कुणाला? टॉर्च मात्र एका पालथ्या होडीवर जाऊन आडवा झाला आणि डोळ्यांवर टोपी ओढून चक्क झोपला. मास्तरांना वाटलं, कंटाळला बिचारा. गेलं सगळं मुसळ केरात. त्याच्या उशाशी जाऊन हळूच विचारावं म्हणून ते दोनदा पुढे झाले, पण दोन्ही वेळा साहेबांनी हाक मारली. एकदा झाडाचं नाव विचारायला आणि एकदा चहा कुठे मिळेल म्हणून.

उरला मनोरा. टेकडीवरचा हा मनोरा उंच, वरून सगळं गाव दिसतं, आणि त्याची लिफ्ट म्हणजे मास्तरांचा जीव. दार असं सरकायचं की कानाला कळू नये. तिकीट देणाऱ्या मावशींनी पाहुणे म्हणून तिकिटं घेतली नाहीत. चौघं लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट निघाली. साहेबांनी कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली. दिवसभरात पहिल्यांदा मास्तरांच्या जिवात जीव आला.

आता कुणीही शहाणा माणूस अशा वेळी गप्प उभा राहतो. पण लिफ्टवाले चार भिंतींच्या खोलीत उभे राहिले तरी त्यांना फक्त दारच दिसतं. “दाराचा कॉन्टॅक्ट बघू हं,” असं म्हणून टॉर्चने चालत्या लिफ्टच्या दारात बोटं घातली आणि दार दोन बोटं सरकवलं. लिफ्ट जागच्या जागी थांबली.

“शाबास!” साहेब म्हणाले. दार उघडलं की लिफ्ट थांबलीच पाहिजे, हा नियम. टॉर्चनेही “मस्त थांबली” म्हणून मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. तिघा लिफ्टवाल्यांचे चेहरे कसे फुलून आले होते. ताईंनी विचारलं, “मग आता चालू करा ना.”

मास्तर आता कुठे भानावर आले. “ती आपोआप चालायची नाही. मुलं दाराशी खेळतात म्हणून मीच तसं लावलंय. वर मशीनच्या खोलीत जाऊन बटण ओढावं लागतं.”

“मग सांगा कुणाला तरी,” साहेब म्हणाले. “हा काय नंबर लिहिलाय, अडचणीच्या वेळी या नंबरवर फोन करा.”

ताईंनी घाईघाईने नंबर फिरवला. मास्तरांच्या खिशात फोन वाजू लागला. सगळे त्या खिशाकडे बघत राहिले. मास्तरांनी सवयीने फोन कानाला लावला आणि म्हणाले, “नमस्कार, लिफ्ट सेवा.”

“आणि त्या खोलीची किल्ली?” साहेबांनी हळू आवाजात विचारलं. मास्तरांनी दुसऱ्या खिशातून ती काढून दाखवली.

शेवटी मावशींना फोन केला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलेली, वरच्या मजल्याची जमीन मास्तरांच्या छातीशी. टॉर्चने जोर लावून बाहेरचं दार थोडं उघडून धरलं. मावशी धापा टाकत जिना चढून आल्या आणि मास्तरांनी हात वर करून फटीतून किल्ली दिली.

“लिफ्टमास्तर, तुम्हीच आत?” मावशी म्हणाल्या. “मग आता मी बोलवू कुणाला?”

“कुणालाच नाही मावशी. तुम्हीच वर जायचं. गुडघे दुखतात ना, बसत बसत जा. फोन चालू ठेवा.”

मावशी निघाल्या. आत उकडायला लागलं. ताईंनी डोळे मिटून घेतले. मास्तर बोलत राहिले, एकदा ताईंशी, एकदा फोनवर मावशींशी, अगदी शांत. “ताई, हवा आहे, घाबरू नका, वर बघा, ती जाळी आहे ना, तिथून येते. मावशी, दमलात? टेका जरा. काही घाई नाही.” इस्पितळाच्या लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी ते असेच बोलत. मनातून मात्र त्यांची गाळण उडाली होती, आणि ती लिफ्टमुळे नव्हे. टॉर्च त्यांच्या उजव्या खांद्याला चिकटून उभा होता. विचारायला याहून जवळ माणूस मिळणार नव्हता. पण डाव्या खांद्याला साहेब चिकटलेले. मास्तरांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा “मावशी, पोहोचलात का?” एवढंच बाहेर पडलं.

“लाल बटण का?” मावशींचा आवाज आला. “ओढलं बघा.”

लिफ्ट हलली आणि वर जाऊन थांबली. सगळे गच्चीवर येऊन भरभरून श्वास घेऊ लागले. ताईंनी मावशींना मिठी मारली. साहेब कठड्याशी उभे राहून खाली पसरलेलं गाव पाहत राहिले आणि म्हणाले, “मास्तर, एवढ्या गावाला तुम्ही एकटे?”

“हो साहेब.”

“तुम्ही आत अडकलात तर बाहेर कुणी नाही. हे चालायचं नाही. आणि काय डोकं शांत हो तुमचं! मी स्वतः घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू?” साहेबांनी फोन काढला. “थांबा, आत्ताच्या आत्ता बोलतो. शाखाप्रमुखाची जागा रिकामी आहे, बाहेरून माणूस कशाला आणायचा?”

म्हणजे मास्तरांनाच प्रमुख करायचं चाललं होतं. शाखाप्रमुख म्हणजे वरचा हुद्दा. शहरात त्या हुद्द्याची जागाच नव्हती, मग आपसी बदली करणार कुणाशी? “साहेब,” ते म्हणाले, “माझं घर तिकडे आहे. सासूबाईंचं...”

“आणा की सगळ्यांना इकडे! क्वार्टर मिळतं प्रमुखाला,” साहेब म्हणाले, आणि तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला. मग साहेबांनी जे कौतुक सुरू केलं ते थांबेचना. असा माणूस शोधून सापडायचा नाही, निदान पाच वर्षं याला इथून हलवू नका, असंही ते म्हणाले. चांगल्या मनाचा माणूस एखाद्याचं किती वाटोळं करू शकतो ते तिथे उभं राहून पाहायला हवं होतं. बोलून झाल्यावर त्यांनी फोन मास्तरांच्या हातात दिला. पलीकडे खुद्द मॅनेजर होते. “अभिनंदन! ऑर्डर उद्याच काढतो.”

आता एक शब्द बोलायचा होता, ‘नको’. मास्तरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब लेकाच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखे उभे होते. ताई टाळ्या वाजवत होत्या, मावशी पदराने डोळे पुसत होत्या.

“थँक यू साहेब,” मास्तर म्हणाले.

फोन परत देताना त्यांना स्वतःचा इतका संताप आला की कठड्यावर डोकं आपटावंसं वाटलं. ते एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. टॉर्च मागोमाग आला. दिवसभर ज्याला एकटं गाठायचं होतं तो आता स्वतःहून आला होता.

“बरं झालं हो मास्तर,” तो म्हणाला. “मी तुम्हाला एक विचारणार होतो, संकोच वाटत होता. त्या होडीवर झोपलो ना, तेव्हाच ठरवलं होतं. आई गेल्यापासून मी एकटाच. शहरात रात्रंदिवस लोकांच्या शिव्या खातो. इथे लिफ्ट थांबली तर माणसं मास्तर म्हणून हाक मारतात. म्हटलं, तुम्ही शहरात याल का विचारावं, आपसी बदली करू. पण आता काय, तुमची जागा रिकामीच झाली! मी थेट तिथेच अर्ज करतो. तुमच्या हाताखाली काम करीन.”

मास्तरांनी त्याचा हात हातात घेतला. बराच वेळ ते तो हलवत राहिले.

पाहुण्यांना विश्रामगृहावर सोडून मास्तर शाखेत आले आणि दिवा न लावता टेबलाशी बसले. बायकोचा फोन आला.

“अरे, काय झालं? विचारलंस का?”

सगळं सांगायचं, पण ओळीने सांगायचं, असं मास्तरांनी ठरवलं. “त्याला गाव आवडलं,” ते म्हणाले. “इकडे यायला तयार आहे तो. पण ऐक...”

पुढचं कुणी ऐकलं नाही. बायकोने किंचाळून मुलीला हाक मारली. “अगं, तो माणूस हो म्हणाला! बाबा येतोय!” मग नुसता गलका. सासूबाईंचा बारीक आवाज, “खरंच का गं? कधी?” भांडं पडल्याचा आवाज. बायको रडत होती की हसत होती ते कळेना. मास्तर “अगं ऐक, ऐक ना” म्हणत राहिले, आणि मग फोन मुलीच्या हातात गेला.

“बाबा, मी कपाटातला माझा खालचा कप्पा रिकामा करतेय. तुझे शर्ट तिथे ठेवायचे. माझे कपडे आजीच्या ट्रंकेत ठेवते, तिला चालतंय. आणि शाळेत बाबांचा दिवस असतो ना, त्याला मी या वर्षी नाव देऊ? बाई म्हणाल्या, नक्की असेल तरच दे. बाबा? ऐकतोयस ना?”

“हो,” मास्तर म्हणाले. “ऐकतोय. सांग.”