कुट्टी, पट्टी आणि माझं मल्याळम

केरळात पेरुंबावूरच्या आमच्या प्लायवूड कंपनीत बंगालातल्या मुर्शिदाबादच्या चाळीस बायका, पण मल्याळम येतं ते फक्त मला, हाजेराखालाला. नवी होते तेव्हा इथल्या एकीनं माझ्या नातवाला 'कुट्टी' म्हटलं. मला ऐकू आलं 'कुत्ती', आमच्याकडे ती शिवी! मी तिच्या झिंज्याच धरणार होते. मग कळलं, इथं कुट्टी म्हणजे लेकरू. तेव्हापासून दुभाषी मीच.

मोर्जिनाचा लालटू तीन वर्षांचा. ती करवतीवर कामाला आणि तो दहा पावलांवर, तिच्याच ओढणीनं खांबाला बांधलेला. करणार काय? अशी अकरा पोरं होती. तिनं वर्की मुदलाळीकडे, म्हणजे मालकाकडे, तीनदा पाळणाघर मागितलं. तो म्हणायचा, "माझ्या कंपनीत पोरंच नाहीत, पाळणाघर काय हाजेराला हवंय?" मेल्याच्या पायाशी तेव्हा लालटू माती खात बसलेला! कुणी साहेब तपासायला आला, की हा सगळ्या पोरांना फळ्या चिकटवायच्या सरसाच्या गोदामात कोंडायचा.

एका सोमवारी ओढणीची गाठ सुटली. लालटू धावला आणि करवतीच्या हातभर अलीकडे पडला. फळीनं नडगी सोलवटली. मोर्जिना पांढरीफटक. कंपनीची औषधपेटी उघडली, तर आत मुदलाळीचा कंगवा. लालटूला काखोटीला मारून आम्ही सरकारी दवाखाना गाठला.

"खाला, सांग ना गं नर्सबाईंना!"

"थांब, माझ्यावर सोड." मी पुढं झाले. जखम दाखवली आणि ठणकावून म्हटलं, "कुट्टी! पट्टी!"

लेकराला पट्टी बांधा, असं मला म्हणायचं होतं. आता पट्टी म्हणजे इथं कुत्रा, हे मला मेलीला काय ठाऊक!

ओमनासिस्टर ताडकन उठल्या. "पट्टी? कुठं?"

"कंपनी!" मी कपाळावर हात मारला. पेटीत पट्टी नाही, हीच तर माझी तक्रार!

"किती?"

मला वाटलं, पोरं किती ते विचारताहेत. दोन्ही हात दाखवले, वर एक बोट. "अकरा!"

सिस्टरांनी छातीवर क्रूस काढला. लालटूचा पाय साबणानं धू धू धुतला, मग इंजेक्शन टोचलं आणि आणखी तीनदा यायला बजावलं. पोरानं दवाखाना डोक्यावर घेतला. मी मोर्जिनाला म्हटलं, "बघ, केरळात खरचटलं तरी केवढी काळजी घेतात!"

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचायतीची जीप दारात. मुदलाळीनं सवयीनं पोरांना गोदामात ढकललं, कडी घातली. उतरले आरोग्य निरीक्षक, मागून जाळी घेतलेले दोन गडी.

"अकरा पिसाळलेले कुत्रे आहेत म्हणे तुमच्याकडे?"

मुदलाळी पोट धरून हसला. "कुत्रे? बघा की खुशाल! एक जरी सापडला ना, तर मी भुंकून दाखवीन."

तेवढ्यात गोदामातून आवाज आला, "भौ!"

लालटूच तो. त्याचा आवडता खेळ. मग काय, सगळीच सुरू झाली. भौ, भौ, भौ! गड्यांनी कडी काढली, दार उघडताच जाळं फेकलं. आत चार पोरं अडकली, खदाखदा हसत होती. बाकीची "मला पण, मला पण!" करत आपणहून जाळ्यात शिरली.

निरीक्षकांनी मोजली. अकरा. हसू मावळलं त्यांचं. सरसाचा उग्र वास, बाहेरून कडी. त्यांनी मोर्जिनाला खुणेनं विचारलं, तुझं कुठलं? तिनं खांबाची ओढणी दाखवली, करवत दाखवली आणि रडायला लागली. त्याला दुभाषी लागला नाही. म्हणून मीही गप्प राहिले, आयुष्यात पहिल्यांदा.

"पट्टी एकही नाही," निरीक्षक लिहिता लिहिता म्हणाले, "कुट्टी अकरा. तीसच्या वर बायका असल्या की पाळणाघर द्यावंच लागतं मुदलाळी, कायदा आहे. आणि हो, तुम्ही भुंकणार होतात ना?"

आता मुदलाळीची गाडी उन्हात तापते आणि तिच्या शेडमध्ये अकरा पाळणे, एक ताई. पहिल्या दिवशी मोर्जिना ओढणी खांद्यावर घेऊन कामाला आली. तीन वर्षांनी! टोकाला गाठीचा चुरगळा होता, तो ती पुन्हा पुन्हा हातानं सपाट करत होती.

"बघ," मी म्हटलं, "माझ्या मल्याळमची कमाल."

"खालानानी," लालटू म्हणाला, "पट्टी म्हणजे कुत्रा. ताईंनी शिकवलं."

"गप रे, कुट्टी!" मी म्हटलं. आणि त्याच्या नडगीवरच्या खपलीचा मुका घेतला.