वहीत नसलेली वैष्णवी

“हात धुतल्याबिगर हिला शिवायचं न्हाय. अन् गेलेल्यांची नावं बसून वाचायची न्हाईत.” शंकरप्पा लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना असं बजावलं होतं. मित्रांनो, मी त्याच घरातली हेळव्याची जुनी वही आहे.

हेळवी म्हणजे सुगी झाली की गावोगाव फिरून ज्याच्या त्याच्या घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवणारा. माझा कागद जाड, अक्षर मोडी. पण माझ्यात नुसती नावं आहेत. कोणी विहीर खोदली, कोणी दुष्काळात बियाणं राखलं, ते सारं शंकरप्पांच्या जिभेवर असायचं. बायका मला हळदकुंकू वाहायच्या.

वाशी तालुक्यातल्या एका गावातल्या कडूबाई दरवर्षी थट्टा करायच्या, “आप्पा, आमच्या आजेसासऱ्याचं नाव लई मोठ्यानं घेता. शिधा जास्त दिलता का त्यांनी?”

गेल्या सुगीला मात्र त्या हसल्या नाहीत.

“माझी वैष्णवी कुठंय हिच्यात?”

“लेकी नसतात हो बाई. लेकींचं नाव सासरच्या वहीत.”

“लग्नाआधीच गेली की ती. मंग कुणाच्या वहीत घालू? माझ्यामागं तिचं नाव कोण घेईल?”

शंकरप्पांनी मला हळूच मिटलं. मग म्हणाले, “तुमच्या भावकीला इचारतो. पुढल्या सुगीला लिहितो. शब्द हाय माझा.”

भावकीनं हो म्हणायला आठ महिने लावले. तोवर शंकरप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, वाचाही गेली.

त्यांचा मुलगा राजशेखर भला आहे. त्यानं माझ्या पानापानाचे फोटो काढले. “काळजी करू नका आप्पा, समदं मोबाईलमधी आलं.” त्याला मोडीतलं एक अक्षर येत नाही, आणि गोष्टी तर फोटोत येतच नाहीत.

मित्रांनो, मला कापडात गुंडाळून जपाल, पण वाचणारं कोणी उरलं नाही. तुमच्या घरी कोणी सांगणारं असेल, तर त्यांच्याजवळ आजच बसा. आमच्याकडे कोणी बसलं नाही.

महिनाभर शंकरप्पा डाव्या हातानं पाटीवर ‘वैष्णवी’ गिरवत आहेत. ते अजून नुसत्या रेघोट्याच दिसतात. आज सकाळी राजशेखर रानात गेल्यावर त्यांनी मला पिशवीत घातलं. वाशीचं तिकीट मागायलाही त्यांना बोलता येणार नाही. काठी टेकत, कुणाला न कळवता, ते एस.टी.च्या फाट्याकडे निघाले.