बाटलीतली गोगलगाय

दोन हजार मीटर खोल समुद्रातून, बुडालेल्या लाकडाला चिकटून वर आलेली ती गोगलगाय भाताच्या शिताएवढी होती. पाठीवर पीळदार शंख नाही, नुसती टोपीसारखी शिंपली. आमच्या नेरूळच्या प्रयोगशाळेत तसली ती एकच. दिनानाथसरांनी बोटीवर ओझरती पाहून ती बाटलीत घातली आणि माझ्या हवाली केली.

बाटल्यांतलं फॉर्मालिन आटलं की भरायचं, हे माझं सोमवारचं काम. त्या सोमवारी मी त्यात टाकणखार घालायला विसरले. टाकणखार नसला की फॉर्मालिन आंबतं आणि शिंपला खातं. हे मीच नव्या मुलींना दटावून शिकवते, एवढी मी शहाणी.

पंधरा दिवसांनी पाहिलं तर टोपी विरघळलेली, तळाशी नुसता मांसाचा कण. दुसऱ्या दिवशी सर तिचं वर्णन लिहायला बसणार होते. सहा वर्षं हंगामी राबले होते मी, आणि मला कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर होता.

आमचे म्हातारे शिपाई किसनमामा उरणचे. माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी खोदून विचारलं, मी सांगून टाकलं.

"म्याडम, आमच्या उरनच्या खडकावर असल्या पोत्यानं हाय. एक ठेवा बाटलीत. कोन बगतं?"

सकाळी ते तेवढीच एक घेऊन आले. मी नको म्हणायला हवं होतं. भीतीपोटी म्हटलं नाही, ती बाटलीत सोडली. खरा कण छोट्या कुपीत घालून खिशात ठेवला.

सरांनी उरणची गोगलगाय सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. मी शेजारी वही घेऊन बसले.

"वैजयंती, हिला डोळे आहेत," सर म्हणाले. "इतक्या अंधारात राहून डोळे. मी वीस वर्षं चुकीचं शिकवलं. लिहा."

उन्हात वाढलेली ती, तिला डोळे असणारच. पण हे छापून आलं असतं तर जगभर सरांचं हसं झालं असतं. दारातून किसनमामा मला गप्प राहायला खुणावत होते. पेन कागदावर टेकेना.

"सर, ती उरणची आहे."

मी कुपी पुढे ठेवली आणि किसनमामांचं नाव न घेता सगळं सांगितलं. सरांनी तो कण भिंगाखाली घेतला, कितीतरी वेळ पाहिला.

"हिला नाहीत डोळे," ते हळूच म्हणाले. मग माझ्या हातातली वही काढून घेऊन स्वतःच लिहू लागले. वर न बघता म्हणाले, "उद्यापासून बाटल्या किसन भरेल."