मी बर्फाचे जॅकेट नव्हते

मित्रांनो, मी एक जुने जॅकेट आहे. जुने म्हणजे फार नाही, हा माझा तिसरा उन्हाळा. पण जॅकेटाचे वय वर्षांवर मोजू नये, त्याने किती ऊन पाहिले त्यावर मोजावे. तसे पाहिले तर मी म्हातारे झाले आहे. विठ्ठलवाडीच्या एका खोलीत, पत्र्याखाली, दाराजवळच्या खिळ्यावर मी टांगलेले असते. माझा रंग पोपटी होता. आता तो कोणता म्हणावा हे मलाही सांगता येत नाही.

माझ्या आत लोकर नाही, कापूस नाही. पुढे सहा आणि पाठीला सहा असे बारा कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक चपटी पिशवी. पिशवीत मेणासारखा एक पदार्थ आहे. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेल बाटलीत कसे थिजते ते तुम्ही पाहिले असेल. आई बाटली उन्हात ठेवते आणि ते वितळते. माझ्या पिशव्यांतला पदार्थ तसाच, फक्त तो अठ्ठावीस अंशांवर थिजतो आणि वितळतो. वितळताना तो माणसाच्या अंगातली उष्णता आत ओढून घेतो. सगळा वितळेपर्यंत तो स्वतः तापत नाही. पण पूर्ण वितळला, की त्याचे घेणे संपले. मग त्याला कोणीतरी पुन्हा गार करून थिजवावे लागते. मी थंडी तयार करत नाही. मी फक्त उष्णता ठेवून घेते, आणि ती माझ्याकडून काढून घेणारे कोणी लागते. एवढे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट एवढ्यावरच आहे.

माझा जन्म डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या शेडमध्ये झाला. तिथे हेमांगी नावाची बाई पिशव्यांची तोंडे गरम पट्टीने चिकटवायची. प्रत्येक पिशवी ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. बादलीतले पाणी साधेच, कूलरच्या नळाचे. थोड्या वेळाने पिशवी काढून अंगठ्याने दाबायची आणि शेजारणीला म्हणायची, "थिजली बाई." कडक लागली तर पास, मऊ लागली तर बाजूला. माझ्या बाराही पिशव्या पास झाल्या. मग तिने एक छापील चिठ्ठी चार घड्या करून माझ्या कॉलरच्या आतल्या खिशात सरकवली. त्या चिठ्ठीवर काय आहे ते मला ठाऊक नव्हते. अंगावर अक्षरे असली म्हणून कोणाला वाचता येत नाही.

कोणा भल्या संस्थेने आमची वीस जॅकेटे माजिवड्याच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॅफिक वॉर्डनांना वाटली. मी जगनच्या वाट्याला आले. जगन पन्नाशीचा, सडपातळ, विठ्ठलवाडीहून येणारा. आदल्या मे महिन्यात त्याला ऊन लागले होते आणि तो तीन दिवस पडून होता. डॉक्टरांनी सांगितले होते, पुन्हा असे झाले तर सांगता येत नाही. त्याची बायको मंजुळा नोकरी सोडा म्हणत होती. पण मुलगी प्रीती नुकतीच लग्न होऊन खडवलीला गेली होती, घरात मिळवणारा तो एकटाच होता. म्हणून मी त्याच्या अंगावर चढले तेव्हा माझ्यावर एका माणसाचा जीव अवलंबून होता, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

वाटपाच्या दिवशी संस्थेचा माणूस इंग्रजीत बोलला. वॉर्डन पुरवणाऱ्या ठेकेदाराचा सुपरवायझर कमलेश याने ते मराठीत सांगितले. त्याला जेवढे कळले तेवढे. तो म्हणाला, "हे बर्फाचं जॅकेट आहे. आत बर्फ आहे. फ्रीजरमध्ये ठेवायचं, आणि पाणी अजिबात लागू द्यायचं नाही."

मित्रांनो, माझ्या आत बर्फाचा एक कणही नव्हता. पण माझे नाव त्या दिवशी पडले ते पडलेच.

पहिला उन्हाळा माझ्या आयुष्यातला चांगला काळ. मंजुळा माझ्या पिशव्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची. सकाळी जगन मला घालून नाक्यावर उभा राहायचा. रिक्षावाल्यांनी त्याचे नाव फ्रीज ठेवले. संदेश नावाचा एक रिक्षावाला सिग्नलला थांबला की हमखास ओरडायचा, "काय फ्रीजशेठ, दरवाजा नीट लावलाय ना? भाजी खराब होईल." जगन शिट्टी वाजवून त्याला पुढे हाकलायचा. त्याची शिट्टी ओळखू यायची. दोन आखूड, एक लांब. नाक्यावरच्या पुलाखालून ती घुमायची आणि दूरचे ट्रकसुद्धा दबकायचे.

साडेबारापर्यंत माझ्या पिशव्या वितळून जात. पण नाक्याच्या कोपऱ्यावर मधुची लिंबू सरबताची गाडी होती. तिच्यात गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी असे. जगन माझ्या पिशव्या प्लॅस्टिकच्या थैलीत घालून त्याच्याकडे द्यायचा आणि तेवढा वेळ गाडीच्या छत्रीखाली बसायचा. मधु थैली दाबून पाहायचा. जगन विचारायचा, "थिजलं का रे?" मधु म्हणायचा, "तुझं जॅकेट थिजलं, माझं सरबत तापलं." मग दुपारचे दोन तास आणखी निभायचे. त्या वर्षी जगनला ऊन लागले नाही. मंजुळाने खडवलीला फोन करून लेकीला सांगितले, की बाबांचे जॅकेट गुणी आहे. मला आयुष्यात मिळालेली शाबासकी ती एवढीच. ती मला आजही पाठ आहे.

दुसऱ्या उन्हाळ्याआधी रस्त्याचे काम निघाले आणि मधुची गाडी उठवली. तो कुठे गेला ते कोणालाच कळले नाही. छत्री गेली आणि बर्फही गेला.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, आणि ती माझ्यामुळे झाली. पूर्वी वॉर्डनांना दर तासाला दहा मिनिटे पुलाच्या सावलीत बसायची मुभा होती. कमलेशने ती बंद केली. तो दुष्ट नव्हता, मित्रांनो. त्याच्यावरचे लोक त्याच्याकडे रोज जॅकेट घातलेल्या वॉर्डनांचे फोटो मागत. जगनने सावलीचे विचारले तेव्हा तो फोनमधून मान वर न करता म्हणाला, "अंगावर बर्फ दिलाय ना काका? मग सावली कशाला?"

जगन परत उन्हात जाऊन उभा राहिला. ज्याची उष्णता घ्यायला मला आणले होते, त्याची सावली माझ्या नावाने गेली.

आता दिवस असा जायचा. साडेबाराला मी वितळायचे. त्यानंतर चार वाजेपर्यंत मी म्हणजे अडीच किलोचे गरम ओझे. माझ्यातून वारासुद्धा जात नाही. काढून ठेवावे तर फोटोत जॅकेट दिसले पाहिजे. जगनचा घाम माझ्या अस्तरात मुरायचा आणि मी त्याच्या छातीची धडधड मोजत राहायचे.

आणि आता मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते सांगताना मला माझ्या शिवणी उसवाव्यात असे वाटते. जगन उभा राहायचा तिथून तीस पावलांवर एक पाणपोई होती. स्टीलची, कूलर असलेली. नळाला असे गार पाणी यायचे की बाटलीवर घाम फुटायचा. जगन दिवसातून चारदा तिथे बाटली भरायचा. मी त्याच्या अंगावर, नळापासून हातभर अंतरावर असायचे. वाकताना पाणी उडू नये म्हणून तो मला एका हाताने मागे धरायचा. शेजारचा नवा वॉर्डन एकदा म्हणाला, काका, जरा भिजवा ना ते. जगनने त्याला समजावले, की बर्फाचे आहे, पाणी लागले तर खराब होईल, संस्थेची वस्तू आहे. तो मला जपत होता. मंजुळासुद्धा मला कधी धूत नसे, ओल्या फडक्याने वरवर पुसायची. इतके जिवापाड मला कोणी जपले नसते तर बरे झाले असते.

मे महिन्याच्या एका मंगळवारी, दुपारी सव्वादोनला, जगनने शिट्टी तोंडाला लावली. दोन आखूड वाजल्या. लांब वाजलीच नाही. त्याचा घाम थांबला होता. मला ते कळले, कारण अस्तर पहिल्यांदाच कोरडे लागत होते. मग तो दुभाजकाला धरत खाली बसला आणि आडवा झाला. संदेशची रिक्षा सिग्नलला होती. त्याने प्रवासी उतरवले, जगनला आत घातले आणि वाटेत माझी चेन ओढून मला बाजूला फेकले. त्याच्या तोंडून त्या दिवशी एकही थट्टा निघाली नाही.

जगन वाचला. पण डोक्यात गेलेल्या उन्हाने त्याचे बरेच काही नेले. उजवा हात थरथरतो, शब्द जड झाले आहेत, चार पावले टाकली की भिंत धरावी लागते. खडवलीहून आलेल्या प्रीतीने त्याची शिट्टी धुऊन त्याच्या हातात दिली. त्याने ती ओठांत धरली. नुसती हवा निघाली.

दवाखान्यातून आल्यावर मंजुळाने मला धुवायला घेतले. आता जपायचे कशासाठी? कपडे आपटण्याआधी खिसे तपासावेत, तसे तिने कॉलरच्या आत बोट घातले आणि चिठ्ठी निघाली. मंजुळा विहारातल्या वर्गात वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी अक्षरे शिकली आहे. ती बोट ठेवून, ओठ हलवत वाचते. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मराठी होते. मोरीच्या कठड्यावर बसून तिने एकेक अक्षर लावले.

"पिशव्या… गार पाण्यात… अर्धा तास… बुडवा. बर्फाची… गरज… नाही."

तिने ते पुन्हा वाचले. मग तिसऱ्यांदा वाचले. आपले वाचायला चुकले असेल, असे तिला वाटले असावे. नंतर तिने नळ बंद केला आणि चिठ्ठीच्या पुन्हा चार घड्या घातल्या. आत जगन विचारत होता, काय झाले. तिने त्याला काही सांगितले नाही. आजपर्यंत सांगितलेले नाही.

आता तिसरा उन्हाळा चालू आहे. जगनचे अंग उष्णता सोसत नाही आणि खोलीवर पत्रा आहे. म्हणून रोज दुपारी मंजुळा बादलीत फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटल्या ओतते, माझ्या पिशव्या त्यात अर्धा तास बुडवते आणि मला जगनच्या छातीवर पांघरते. चिठ्ठीत आहे अगदी तसे. पण मी थकले आहे. रोज थिजून आणि वितळून पिशव्यांचे सांधे सुटतात. बारातल्या सात गळून गेल्या. सुटी पिशवी कुठे मिळत नाही, आणि हेमांगीची शेड बंद झाली म्हणतात. पाच उरल्या आहेत. जगन जड जिभेने विचारतो, "थिजलं?" मंजुळा माझ्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "थिजलं हो." रिकामे कप्पे तिच्या हाताला लागतात. ती त्यांच्यावरूनही तसाच हात फिरवते. डिसेंबरच्या पहाटे मी खिळ्यावर आपोआप थिजते, कडक होते. तेव्हा माझा कोणाला उपयोग नसतो.

मित्रांनो, मला पुन्हा नवे करा असे मी म्हणत नाही, ते आता होणार नाही. माझे मागणे लहान आहे. कोणाला एखादी वस्तू द्याल तेव्हा तिच्याबरोबरची चिठ्ठी त्याच्या भाषेत, त्याच्यासमोर वाचून दाखवा. आणि वस्तू दिली म्हणून त्याची सावली काढून घेऊ नका. जो दुसऱ्याची उष्णता स्वतःवर घेतो, त्यालाही मधून मधून गार व्हावे लागते. हे जॅकेटाला लागू आहे आणि माणसालाही.

बारा वाजत आले. मोरीत बादली ठेवल्याचा आवाज आला. मंजुळा आता मला खिळ्यावरून काढील. पाच पिशव्यांत मावेल तेवढी उष्णता मी घेईन. बाकीची जगनकडेच राहील.