बाईसाहेबांचे बाळंतपण

प्रसूतिकक्षात छत्तीस वर्षे काढलेल्या बाईला कोणी बाळंतपण शिकवू नये, असे माझे मत होते.

सूनबाईने प्राण्यांच्या निवाऱ्यातून जी पांढरी सशीण आणली, तिचे नाव आमच्या चिरंजीवांनी बाईसाहेब ठेवले. घरात एक होत्याच, आता दोन झाल्या, असे तो स्वयंपाकघरात पुटपुटला. मी ते ऐकले नाही असे दाखवले. कुणा विक्रेत्याच्या अंधाऱ्या खोलीतून हिची सुटका झाली होती. पण तोरा काही कमी नव्हता. पाला उशिरा मिळाला की मागचा पाय जमिनीवर आपटायची. मी रागे भरले की पाठ फिरवून बसायची. असले वागणे मी शिकाऊ परिचारिकांचेही खपवून घेतले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच्या छातीचे केस उपटायला सुरुवात केली. तोंडात गवत धरून ते कपाटामागे नेऊ लागली. हिचे दिवस भरले आहेत, उद्यापर्यंत मोकळी होईल, असे मी घरात जाहीर केले. निवाऱ्यातले लोक तसे काही बोलले नव्हते, असे सूनबाई म्हणू लागली. मी तिला गप्प केले आणि धुतलेले टॉवेल काढून ठेवले.

दोन दिवस गेले. घरटे मऊ, सुबक झाले. त्यात पिल्लू मात्र नव्हते. पोट चाचपले तर बोटांना काही लागेना. माझे कुठे चुकले, तेच कळेना. तिसऱ्या सकाळी ते सगळे मी झाडून कचऱ्यात टाकले. रिकाम्या बिछान्याचे काय करायचे?

त्यानंतर बाईसाहेबांनी कशालाच तोंड लावले नाही. पाय आपटला नाही, पाठही फिरवली नाही. नुसत्या त्या कोपऱ्याकडे पाहत बसून राहिल्या.

दुपारी सूनबाईने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले. वयाने माझ्या नातीएवढी मुलगी. सशीण गाभण नव्हतीच, शरीराला नुसता भास झाला होता, असे ती म्हणाली. विक्रेत्याच्या त्या खोलीत हिला पुन्हापुन्हा व्यायला लावले असावे. औषध पाजून तिने बजावले की सशाचे पोट फार वेळ रिकामे राहिले तर आतडी थांबतात. संध्याकाळपर्यंत खाल्ले नाही तर दवाखान्यात न्यावे लागेल, आणि तरीही वाचेलच असे नाही. मग तिने विचारले, "घरटं कुणी काढलं?"

"मी," सूनबाई माझ्याकडे न पाहता म्हणाली. "माझ्याकडूनच झालं."

ही माझ्यासाठी खोटे का बोलते आहे, तेही मला उमगले नाही.

"तिनं नाही, मी काढलं," मी म्हणाले.

"मग तुम्हीच परत लावा, आजी."

"ज्यात कुणी येणारच नाही, ते कुणासाठी लावायचं?"

"ते मलाही सांगता येणार नाही. तिला हवंय, एवढंच दिसतंय."

कचऱ्यातून गवत आणि केस मी स्वतः वेचले. कित्येक वर्षांनी जमिनीवर बसले. सूनबाईने कोपर धरले होते. मी घरटे नीट रचले. बाईसाहेब आल्या, त्यांनी माझी सगळी रचना विस्कटली आणि आपल्या मनाप्रमाणे पुन्हा मांडली. त्यात किती वेळ गेला, कोण जाणे. मग कडेला पडलेले एक पान ओढून त्या हळूहळू कुरतडू लागल्या.

"आई, उठता का? गुडघे दुखतील."

"थांब," मी म्हणाले. "ती जेवते आहे."